भट्टीचा पहिला घास

आमच्या घरी ओव्हन नाही. बीदरच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत तो कुणाकडेच नसावा. गल्लीच्या तोंडाशी बेकरी आहे, तिची लाकडावरची भट्टी आहे, आणि दिवाळीच्या आधी लोक रवा, मैदा, तूप घरी मळून डबे घेऊन तिथे जातात. दुपारची पावाची खेप निघाली की उरलेल्या आचेवर घरोघरचे ट्रे लागतात. कुणी बिस्किटावर काट्याने रेघा ओढतं, कुणी अंगठ्याने खळगा पाडतं. आपला माल ओळखायची ती खूण.

आणखी एक रीत आहे. ट्रे बाहेर आला की त्यातलं पहिलं बिस्किट तिथेच उचलायचं आणि ज्याने ट्रे ओढला त्याच्या हातावर ठेवायचं. त्याला भट्टीचा घास म्हणतात. तो दिल्याशिवाय ट्रे बेकरीची पायरी उतरत नाही. माझे वडील हे करायचे. त्यांच्या मागे मी केलं. त्यामुळे मला रीत माहीत नव्हती, असं म्हणायची सोय नाही.

गेल्या रमजानमधल्या एका रविवारची ही गोष्ट आहे.

माझी मुलगी दहा वर्षांची. भाचा सात वर्षांचा. बहिणीने त्याला हळ्ळीखेडहून दोन दिवसांसाठी पाठवलेलं होतं. दोघांनी फोनवर कुठेतरी भाजलेला पास्ता पाहिला. वर चीजचा तांबूस थर, चमचा घातला की तारा. तसाच करायचा असं त्यांनी ठरवलं. ओव्हनचा प्रश्न मुलीने एका वाक्यात सोडवला, "चाचाच्या भट्टीत ठिवू की." बेकरीवाल्यांना अख्खी गल्ली चाचा म्हणते.

बेत मुलांचा होता. शनिवारी करायचा ठरलेला. मी तो रविवारवर ढकलला, कारण रविवारी माझे जुने संपादक लातूरहून किल्ला बघायला येणार होते आणि संध्याकाळी आमच्याकडे थांबणार होते. बारा-तेरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली डेस्कवर काम केलं. वडील गेल्यावर राजीनामा दिला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "बीदरला जाऊन करणार काय?" प्रश्न साधा होता, पण तो माझ्या मनात राहिला. इथेही माणसं नीट जगतात, पोरं पास्ता भाजतात, हे त्यांना दिसावं असं मला वाटत होतं. मुलांना मी एवढंच सांगितलं की पाहुणे आहेत, जास्त करू.

बायको कलबुर्गीला नोकरीला आहे, ती त्या आठवड्यात आली नव्हती. स्वयंपाकघरात मी, दोन मुलं आणि दाराशी पाटावर बसलेली आई.

पास्ता उकळत असताना आईने एक नळी चिमटीत धरून तिच्यातून उजेडाकडे पाहिलं. "ह्या पोखरल्या कुणी?"

"आज्जी, कंपनीत करतेत," भाचा म्हणाला.

"किड्यांची कंपनी दिसायलीय."

मुलीने लोण्यावर मैदा परतला, मी दूध ओतलं. गुठळ्या झाल्या. तिने माझ्या हातातून पळी घेतली. "अप्पा, तुम्ही एकदम ओतलात. थोडं थोडं ओतायचं असतंय." गुठळ्या मोडेपर्यंत ती घोटत राहिली. आईने वाकून बघितलं आणि निकाल दिला, "हे तर दुधाचं पिठलं की." भाच्याकडे चीज किसायचं काम होतं. किसणीखाली जेवढं पडलं तेवढंच त्याच्या तोंडात गेलं असावं, कारण शेवटी आणखी एक पाकीट आणावं लागलं. ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, टोमॅटोचा रस, वर थोडं लाल तिखट. स्टीलचा पसरट ट्रे गच्च भरला. आईने जुन्या धुवट पंच्याने तो झाकून दिला.

मुलीने निघताना एक वाटी आणि एक चमचा रुमालात बांधून घेतला. कशासाठी ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

चाचा हातावरचा मैदा झटकत बाहेर आले. त्यांचं घर बेकरीच्या मागेच आहे, मधे फक्त एक पडदा. रोजा असल्यामुळे आवाज खाली गेलेला, पण जिभेवर परिणाम नव्हता.

"क्या लाई गे बेटी? शेवयां?"

"पास्ता हाय चाचा. बेक करायचंय."

"मेरे कू बेक सिखाती?" त्यांनी पंचा उचलून पाहिलं. "अंडा-बिंडा डाले क्या?"

"न्हाई. दूध, लोणी, चीज."

"हौ? तो आज रोजा इसीच पे खोलते. पहला घास भट्टी का, मालूम है ना?"

"मालूम हाय. म्हणून तर वाटी आणली."

तिने रुमाल सोडून वाटी दाखवली. चाचा हसले. तेवढ्यात पडदा हलला आणि दोन मुली बाहेर आल्या, एक माझ्या मुलीएवढी, एक लहान. चाचांच्या लेकीच्या मुली, रमजानसाठी मन्नाएखेळ्ळीहून आलेल्या.

"नाना, पास्ता?" लहानीने विचारलं.

"हौ, पास्ता. खजूर के बाद पास्ता. जा, अम्मी कू बोल."

ती आत पळाली. आतून काहीतरी विचारल्याचा आणि तिने ओरडून उत्तर दिल्याचा आवाज आला. हे सगळं मी ऐकलं. चाचांनी लांब दांड्याच्या फावड्यावर ट्रे घेतला आणि आत सरकवला. मुलं ओट्यावर बसली. मी पाहुण्यांची व्यवस्था बघायला घरी गेलो.

परत आलो तेव्हा ट्रे बाहेर येत होता. फोनवर पाहिला होता तसाच झाला होता. कडेला बुडबुडे, मधे तांबूस, एक-दोन ठिकाणी गडद. भाचा टाळ्या वाजवत होता. चाचांनी ट्रे फळीवर ठेवला. मुलीने चमचा पुढे केला.

मी म्हणालो, "थांब."

तिने वर बघितलं.

"सर आलेत. त्यांना एकदा अख्खा दाखवू. आत्ता फोडलास तर कडा ढासळेल."

"अप्पा, पायरी उतरायच्या आधी द्यायचं असतंय."

"चाचांचा रोजा आहे. आत्ता ते खाणारेत का? अजान व्हायच्या आत मी स्वतः आणून देतो. मग तर झालं?"

तिला हे पटलेलं नव्हतं. तिने चाचांकडे पाहिलं. चाचांनी मान डोलावली. "ले जाओ, ले जाओ. मेहमान हैं ना घर में. गरम गरम खिलाओ."

"वाटी ऱ्हाऊ दे इथं," मुलगी म्हणाली आणि तिने रिकामी वाटी फळीवर, ट्रे होता त्या जागी ठेवली.

संपादक हातपाय धुऊन बसले होते. ट्रे टेबलावर आला तसं त्यांनी आधी फोन काढला आणि वरून एक, बाजूने एक असे फोटो घेतले. "बीदरात हे?" ते म्हणाले. मला हेच ऐकायचं होतं.

मग मी त्यांना भट्टीची गोष्ट सांगितली. दिवाळीचे डबे, बिस्किटांवरच्या खुणा, आणि भट्टीचा घास. पहिला तुकडा भट्टीवाल्याचा, तो दिल्याशिवाय ट्रे पायरी उतरत नाही, हेही सांगितलं. रोजा असला तर तो माणूस घास बाजूला ठेवतो आणि सूर्यास्तानंतर खातो, असाही तपशील घातला. डेस्कवर राहून अशी माहिती नेमकी आणि थोडक्यात मांडायची सवय लागते. मी ती चांगली मांडली. सांगता सांगता ट्रेमधे पहिला चमचा मीच घातला आणि पहिली ताटली सरांना दिली.

"लिही हे," ते म्हणाले. "पुरवणीला घेऊ. फोटो आहेच."

भाचा ताटली धरून उभा होता. तो म्हणाला, "मग मामा, चाचाला दिलं का?"

"देऊ की आता," मी त्याला म्हणालो.

सर्वांना वाढून झालं की नेतो, असं सरांनाही सांगितलं. आई तेव्हा पापड घेऊन येत होती. सर राजीनाम्यानंतरच्या दिवसांविषयी विचारू लागले आणि मी उत्तरं देऊ लागलो. मी काय काम करतो, किती शांतता आहे, हैदराबाद किती जवळ आहे. मुलगी खात नव्हती. तिने ताटलीतला पास्ता एका बाजूला सारला होता आणि ती खिडकीकडे बघत होती. मला ते दिसत होतं. वाक्य पूर्ण करून उठू असं मी ठरवत होतो, आणि वाक्यं पूर्ण होत नव्हती. सरांनी दुसऱ्यांदा घेतलं. मी वाढलं.

अजान झाली.

मुलीने ताटली खाली ठेवली. ट्रेमधे तेव्हाही बराच पास्ता होता, एक बाजू जवळजवळ भरलेली. मी उठून स्वच्छ डबा घेतला आणि त्या बाजूने काढू लागलो. आईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "कुणासाठी काढायलास?"

"चाचांना."

"हे?" ती जवळ आली. हळू आवाजात, सरांना ऐकू जाऊ नये म्हणून, ती म्हणाली, "अरे, उष्टं हाय ते. ताटाला लागलेला चमचा परत आत गेलाय. दिवसभर पाणी न प्यालेला माणूस. त्याला रोजा सोडायला उष्टं देतोस?"

आईला भट्टीचं वावडं नव्हतं. तिचं म्हणणं आदराचं होतं. उष्टं देऊ नये, उपास सोडणाऱ्याला तर मुळीच देऊ नये, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. मी डबा खाली ठेवला. खरं सांगायचं तर मला थोडं हायसं वाटलं. न देण्याला आता एक चांगलं कारण मिळालं होतं.

"खजूर न्हे चांगले," आई म्हणाली. "केळी न्हे."

खजूर आणि केळी कोपऱ्यावरून घेऊन मी बेकरीत गेलो. मुलगी माझ्या मागून आली. मी तिला बोलावलं नव्हतं.

पडदा बाजूला सारलेला होता. आत चटईवर दस्तरखान घातलेलं, त्यावर भजी, कलिंगडाच्या फोडी, शरबत. चाचा, त्यांची बायको, त्यांची लेक, दोन मुली. दस्तरखानाच्या मधोमध आमची वाटी होती. आत काही नव्हतं. लहान मुलीच्या हातात चमचा होता आणि मोठीच्याही. बाकीचे हाताने खात होते.

मी खजूर पुढे केले. "जरा उशीर झाला, चाचा. पाहुणे..."

"अरे, आओ आओ, बैठो." चाचा अर्धे उठले. "इसकी क्या जरूरत थी?"

लहान मुलीने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या मुलीकडे. "पास्ता कां है?"

"चुप," तिची आई म्हणाली.

"नाना बोले थे."

"खतम हो गया होंगा," चाचा म्हणाले. "अच्छा बना होंगा तो बचता कैसा? ले, खजूर खा." ते माझ्याकडे बघून हसले. माझी अडचण त्यांना माझ्याआधी कळली होती आणि ते तिच्यावर पांघरूण घालत होते.

"न्हाई," माझी मुलगी म्हणाली. "संपला न्हाई. आम्ही आधी खाल्लो."

चाचांच्या बायकोने तिच्या हातात एक भजं दिलं. मुलीने ते खाल्लं, कारण दिलेलं नाकारायचं नसतं. वाटी घेऊन जायची का, हे मला सुचेना. ती तिथेच राहिली.

घरी येताना मुलगी मागे मागे चालत होती. जिन्यात तिने विचारलं, "अप्पा, तुम्ही पेपरात होतात तवा चूक झाली तर काय करायचेत?"

"दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायचो."

"कुठं?"

"आतल्या पानावर. खाली."

"मोठ्या अक्षरात?"

"नाही. बारीक."

"चूक पहिल्या पानावर असली तरी?"

"तरी."

"कामून?"

याला उत्तर होतं. जागा नसते, जुनी बातमी पुन्हा वाचायला कुणी थांबत नाही, वगैरे. डेस्कवर नव्याने येणाऱ्यांना मी ते सांगत असे. तिला सांगितलं नाही.

सर थोड्याच वेळात निघाले. त्यांनी जाताना मुलांची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला आणि खाली विचारलं, लेख कधी? फोटो उत्तम होता. ट्रे अख्खा, एकही चमचा न लागलेला. मी उत्तर दिलं नाही. पुढच्या दोन निरोपांनाही दिलं नाही.

तो आठवडाभर पाव आणायला मुलगी गेली नाही. मला जायला सांगितलं. मीही दुसऱ्या गल्लीतून पाव आणला. आईच्या हे लगेच लक्षात आलं. पाव मोडून तिने वास घेतला आणि म्हणाली, "आपल्या भट्टीचा न्हाई हा." थोड्या वेळाने, भांडी पुसताना, स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाली, "मी तवा उष्ट्याचं काढायला नको होतं. घासच गेला न्हाई, तर उष्ट्याचा काय विचार?"

"तसं नाही," मी तिला म्हणालो. ते खरंच तसं नव्हतं. चमचा मी घातला होता.

पुढच्या रविवारी मुलीने पुन्हा पास्ता करायला घेतला. भाचा नव्हता, चीज तिनेच किसलं. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुम्ही दूध धरा नुसतं. मी सांगते तवा ओता." तिने सांगितलं तेव्हा मी ओतलं. गुठळ्या झाल्या नाहीत.

ट्रे मी उचलला, ती पुढे चालली. चाचांनी आम्हाला येताना पाहिलं. "आज मेहमान कौन?" त्यांनी मला विचारलं. टोमणा होता, पण मऊ.

"कुणी नाही."

"पक्का?"

"पक्का."

मुलगी पडद्याकडे बघत होती. "त्या दोघी कुठंयत?"

"वो गए बेटी, मन्नाएखेळ्ळी. इस्कूल है ना."

"परत कवा येणार?"

"ईद कू नहीं आते अब. उनके दादा के घर ईद. गर्मी की छुट्टी में देखेंगे."

ती ओट्यावर बसून राहिली. आमची वाटी फळीवर धुऊन ठेवलेली होती. तिच्यात चार नानखटाया होत्या, कारण भांडं रिकामं परत करायचं नसतं आणि आम्ही ते न्यायलाच गेलो नव्हतो. नानखटाया मऊ पडल्या होत्या. त्या बरेच दिवस तिथे असाव्यात.

ट्रे बाहेर आला. गेल्या वेळेइतका सुरेख नव्हता, एका कडेला करपला होता. चाचांनी तो फळीवर ठेवला आणि हात मागे घेतले. मुलीने नानखटाया काढून माझ्या हातात दिल्या, वाटी पुसली आणि चमचा घेतला. मला वाटलं ती कडेने काढेल. तिने चमचा ट्रेच्या बरोबर मधे घातला. चीजचा थर फाटला, तारा निघाल्या, पांढरा रस खड्ड्यात भरू लागला. तिने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चमचा घातला. वाटी काठोकाठ भरली.

"अरे, बीच में से काइकू?" चाचा म्हणाले. "कोने से निकालते. पूरा मुंह बिगाड दिया उसका."

"बिगडू दे," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी वाटी त्यांच्यापुढे धरली.

चाचांनी वाटी घेतली, वर एक ताटली उपडी ठेवली आणि ती आत पडद्यामागे नेऊन ठेवली. सूर्यास्ताला अजून अवकाश होता. मग आम्ही पायरी उतरलो.

घरी आईने पंचा काढला आणि ट्रेकडे पाहत राहिली. "हे एवढं मोठं भोक कशाचं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. या वेळी सांगायचं माझ्याकडे होतं.

"भट्टीचा घास," मी म्हणालो. "मागच्या रविवारचा. आणि त्या दोन पोरींचा राहिलाच."

आईने ताटल्या मांडल्या. आम्ही कडेकडेने वाढून घेतलं.